वाघ विंगेतून येते

आमच्या घरात पेंटरांच्या तीन पिढ्या आहेत, हे मला साहेबांनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या वडिलांच्या मते घरात पेंटर एकच होता आणि तो म्हणजे ते स्वतः. मी दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरचे नंबर आणि निवडणुका आल्या की भिंती लिहायचो. या सगळ्याला ते ‘लिखापढी’ म्हणत. माझी मुलगी नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. ती तिथे नेमकं काय करते हे बाबांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण बाप असल्यामुळे मी मान डोलवायचो.

बाबा नाटकांचे पडदे रंगवत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली, धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात ती होळीपर्यंत चालतात. त्यांना लागणारे पडदे म्हणजे जंगल, रस्ता, दरबार, गरिबाचं घर आणि श्रीमंताचा बंगला. या पाच ठिकाणांच्या बाहेर जगात काही घडतं यावर आमच्या नाटककारांचा विश्वास नव्हता. बंगल्याच्या पडद्यावर बाबांनी फ्रिज काढला होता, तोसुद्धा कधी न पाहता, कोणीतरी केलेल्या वर्णनावरून. त्याला त्यांनी कडीकोयंडा आणि पितळी कुलूप लावलं होतं. वीस वर्षं त्या फ्रिजसमोर नायिका रडल्या, बापांना झटके आले, पण कुलपाबद्दल एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नाही.

हे पडदे बाबा शाळेच्या व्हरांड्यात जमिनीवर पसरून, चिंचोक्याची खळ लावून, अनवाणी पायांनी त्यांच्यावरच फिरत रंगवत. म्हणजे एका वेळी दिसे ते हातभर. मग पडदा बांबूला गुंडाळायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायचा आणि गावाला न्यायचा. तिथे तो उघडे तो रात्री, दिव्यांच्या उजेडात. तेव्हाही बाबा समोर बसत नसत. ते विंगेत उभे असत, कारण पडदे वर-खाली करायचा इशारा तेच देत. एक शिट्टी म्हणजे उचला, दोन म्हणजे सोडा. दोऱ्या ओढायला दोघे भाऊ होते. ते इतकी वर्षं बाबांच्या शिट्टीवर होते की संवाद त्यांच्या कानात शिरतच नसत. राजा मेला काय आणि लग्न लागलं काय, शिट्टी ऐकायची आणि दोरी ओढायची, एवढंच त्यांना नाटक माहीत होतं.

मग फ्लेक्स आला. नाटक कंपनीने नागपूरहून छापील पडदे आणले. चकचकीत, हलके, दुमडले तरी न चुरगळणारे. त्यातल्या जंगलाच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर होते. आमचा नायक खांद्यावर दुपट्टा टाकून त्या बर्फात हरवायला लागला आणि प्रेक्षकांनी तेही चालवून घेतलं. बाबांचे जुने पडदे ज्याला हवे त्याने नेले. एका गावी त्यांचा दरबार तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर पांघरलेला मी पाहिला, सिंहासनाच्या बाजूने पावसाचं पाणी ओघळत होतं. घरी मी ती गोष्ट लपवली. नंतर कळलं की बाबांनी तो माझ्या आधीच पाहिला होता.

दोन हंगाम ते घरी बसून राहिले. बंडीच्या खिशात शिट्टी मात्र रोज असायची, आंघोळीनंतर कपाळाला गंध लावावं तशी ते ती खिशात टाकत. एका दुपारी जेवताना त्यांनी अचानक म्हटलं, “जिनगीभर जे काढलं ते सारं लोकायनं गुंडाळून नेलं. एक तरी असं काढाले पाह्यजे होतं, जे कोणाले गुंडाळताच नाई येत.” आणि वरणात मीठ कमी आहे म्हणून आईवर चिडले. त्यांना जे खरं लागलेलं असे ते सांगून झालं की ते नेहमी मिठावर येत.

अशा वेळी साहेब आले. आमचे हे तहसीलदार साहेब नवीन होते, पुण्याकडचे होते आणि उत्साही होते. यांपैकी एक गोष्ट असली तरी आमच्या तालुक्याला त्रास होतो, इथे तिन्ही एकत्र आल्या होत्या. त्यांनी गावातल्या प्रतिष्ठितांची सभा बोलावली आणि जाहीर केलं की आपण ग्राफिटी महोत्सव भरवणार आहोत. ग्राफिटी म्हणजे काय, असं एका सदस्याने विचारलं. साहेब म्हणाले, “सार्वजनिक भिंतीवर सामान्य माणसानं आपल्या मनातलं मोकळेपणानं काढायचं.”

“ते तं आपल्या मुतारीत चालूच हाय न साहेब,” सदस्य म्हणाले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं, बहुधा ‘स्थानिक परंपरा’ या सदरात.

भिंत ठरली ती बस स्टँडसमोरच्या बंद पडलेल्या राइस मिलची. लांबच लांब, उंच, दक्षिणेकडे तोंड असलेली. तिच्यावर तोवर तीन निवडणुकांची चिन्हं, खोकल्याच्या औषधाची एक जाहिरात आणि ‘येथे लघवी करू नये’ हे वाक्य होतं. ते वाक्य माझं. माझ्या एकूण कामात सर्वांत मोठ्या अक्षरांचं आणि सर्वांत कमी मानलं गेलेलं.

साहेबांना कुणीतरी सांगितलं की एकाच घरात आजा, बाप आणि नात असे तिघे रंगाचं काम करतात. साहेबांचे डोळे चमकले. ‘तीन पिढ्या, एक भिंत’ हे नाव त्यांना तिथल्या तिथे सुचलं आणि आमची वेगळी कुणी संमती विचारायचं कारण उरलं नाही. डावीकडे मी, उजवीकडे मुलगी आणि मधला सर्वांत मोठा भाग ज्येष्ठ म्हणून बाबांना. विषय, आपलं वन.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा पाटावर बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“भित कोणी नेऊ तं नाई शकत?”

“नाही बाबा. भिंत कुठे नेणार?”

“मंग मी येतो,” ते म्हणाले आणि लगेच उठून ब्रश शोधायला लागले. मला इतका आनंद झाला की मी उगाचच बाहेर जाऊन सायकलचं चाक साफ केलं.

पुढची अडचण वाघाची होती. भिंतीवर वन म्हटल्यावर वाघ पाहिजे, हे साहेबांपासून पानठेल्यापर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं. आमच्या भागात खरा वाघ दिसला की लोक वनखात्याला शिव्या देतात, पण चित्रात तो नसला तर अपमान समजतात. साहेब स्वतः बाबांकडे आले. “काका, मध्यभागी एक रुबाबदार वाघ येऊ द्या.”

“नाई,” बाबा म्हणाले.

“का बरं?”

“पडद्यावर वाघ नसते काढत साहेब. वाघ विंगेतून येते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं की बाबांच्या कामात मधली जागा नेहमी मोकळी सोडतात, कारण तिथे पात्रं उभी राहतात. वाघ असो, राजा असो, डाकू असो, तो माणूस असतो आणि तो बाजूने चालत येतो. मध्ये काही काढून ठेवलं तर नटाच्या डोक्यातून झाड उगवल्यासारखं दिसतं. साहेब म्हणाले, “पण इथे नट कुठे आहेत?” बाबांनी हाताने समोरचा बस स्टँड दाखवला. साहेबांनी तिकडे पाहिलं, त्यांना तिथे फक्त मूल गावाला जाणारी एसटी दिसली.

काम सुरू झालं तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. दोरीवाले दोघे भाऊ नाटकाचा हंगाम संपला की मंडप-डेकोरेशनवाल्याकडे असत. त्यांनी उभं राहून रंगवायला बांबूची पालख, म्हणजे परांची, बांधली आणि बाबांच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून मधल्या भागापुढे वरून खालपर्यंत हिरवी जाळी सोडली. त्या जाळीच्या आत भिंतीला नाक लावून बाबा रंगवत. एका वेळी दिसे ते इथेही हातभरच.

मी माझ्या भागात महोत्सवाच्या समितीने मंजूर केलेली वाक्यं लिहिली. ‘वन आपले, जतन आपले’ यात तीन बैठका गेल्या होत्या, त्यामुळे मी ते मन लावून लिहिलं. मुलगी बघत उभी राहिली आणि मला म्हणाली, “बाबा, किती सफाईदार लिहिता! अगदी कॉम्प्युटरनं काढल्यासारखं.” तिने मनापासून स्तुती केली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तिचा भाग तर बघण्यासारखा होता. तोंडाला फडकं बांधून ती डब्यातून फुसफुस रंग उडवायची आणि भिंतीवर फुगीर, वेडीवाकडी, एकमेकांत घुसलेली अक्षरं उमटायची. मी आयुष्यभर अक्षरं वाचता यावीत म्हणून राबलो, माझी लेक ती वाचता येऊ नयेत म्हणून कॉलेजात शिकत होती. बाबा पाणी प्यायला खाली उतरले की तिथे जाऊन उभे राहत.

“हे काय फवारून राह्यली वं?”

“आबाजी, ही माझी सही आहे.”

“एवढी मोठी सही? अन् चित्र कुठी हाय?”

“सही हेच चित्र.”

बाबांनी ती सही वरपासून खालपर्यंत न्याहाळली. “मंग तू चित्रकार काऊन झाली? तुले तं सरपंच व्हाले पाह्यजे होतं.”

एका दुपारी मात्र त्यांनीच तिला हाक मारली. दूरचं जंगल त्यांना धुक्यात हवं होतं. पडद्यावर ते पातळ रंगात चिंधी बुडवून फिरवत, पण भिंतीचं प्लास्टर खरबरीत, चिंधी अडकत होती. मुलगी जाळीत शिरली आणि तिने डबा लांब धरून पांढरट निळा रंग हलकेच सोडला. सागाच्या शेंड्यांमागे खरंच धुकं उतरलं. “आणखी थोडं,” बाबा म्हणाले. मग, “बस.” मग बऱ्याच वेळाने, “चांगलं यंत्र हाय.” तीन पिढ्यांचं जे काही मीलन झालं ते एवढंच. साहेब त्या वेळी जेवायला गेले होते, म्हणून त्याचा फोटो नाही.

मधला भाग पूर्ण झाला तसे जाळीतून डोकावणारे वाढले. दोन्ही बाजूंना साग, मोह, तेंदूची झुडपं, कोपऱ्यात तळ्याचं पाणी, मागे धुकं आणि मधोमध नुसती पिवळसर माती, उन्हात तापलेली, पायवाट येऊन मिळते तेवढी. सगळे एकच विचारत, “हे कधी पूर्ण होणार?” शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की वय झालं की असं होतं, आपण समजून घ्यावं. बाबा प्रत्येकाला सांगत, “झालं हाय.”

कार्यक्रमाच्या दिवशी पालख पहाटेच काढायची होती. पालख आणि जाळी निघाली की आपलं चित्र पहिल्यांदा एकसंध बघायचं, म्हणून बाबांनी धुतलेलं धोतर आणि नवी बंडी घातली. आम्ही तिघं चालत निघालो. वाटेत ते एरवीसारखे कुणाशी बोलायला थांबले नाहीत.

बस स्टँडच्या वळणावर आलो आणि माझे पाय थांबले. मधोमध, बाबांच्या त्या मोकळ्या मातीवर आणि वर अर्ध्या झाडांवर, एक प्रचंड फ्लेक्स लोंबत होता. त्यावर आठ पुढारी हात जोडून उभे होते. प्रमुख पाहुण्यांचा चेहरा मोहाच्या झाडापेक्षा मोठा होता. खाली ‘ग्राफिटी महोत्सवात मान्यवरांचे सहर्ष स्वागत’ आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरमधून काढलेला एक ब्रश. आम्हा तिघांचा उल्लेख नव्हता, जागा पुरली नसावी.

थोरला दोरीवाला धावत आला. त्याच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा तसाच राहिला होता. “भाऊ, मले रागावू नका. बाबूसायबानं म्हटलं, मधात जागा खालीच हाय, तिथी बांधा.”

मी बाबूसाहेबांना, म्हणजे साहेबांच्या कचेरीतल्या कारकुनांना, गाठलं. राग इतका आला होता की आवाज फाटत होता. ते शांतपणे म्हणाले, “अहो, कार्यक्रम होईपर्यंतच आहे. फोटोत यायला पाहिजे ना?” आमच्या गावात फ्लेक्स कार्यक्रम होईपर्यंत असतो म्हणजे काय, हे मला माहीत होतं. याच पाहुण्यांच्या एका वाढदिवसाच्या शुभेच्छा चौकात दोन पावसाळे झेलून अजून शुभच होत्या. एकदा टांगलेला पुढारी उतरवायची हिंमत कोण करणार? मागचं चित्र त्याच्या चिंध्या होईपर्यंत झाकलेलंच राहणार होतं, आणि बाबांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं.

मुलगी दात-ओठ खात म्हणाली, “मी जाऊन दोऱ्या कापते.”

“थांब,” बाबा म्हणाले. “नाटक चालू हाय.”

आणि ते जाऊन पहिल्या रांगेच्या टोकाला, शाल-श्रीफळवाल्यांच्या खुर्चीवर बसले. चेहरा इतका कोरा की मला भीती वाटली.

दहा वाजता वारा सुटला. फ्लेक्स फुगायला लागला, तसे बाबूसाहेबांनी दोघा भावांना दोऱ्या धरून बसायला सांगितलं. एक गोष्ट बाबूसाहेबांच्या लक्षात आली नव्हती, आणि खरं म्हणजे माझ्याही नाही. त्या दोघांना कापड टांगायची एकच रीत येत होती. खाली बांबू घालायचा आणि दोन्ही बाजूंनी दोऱ्या अशा घ्यायच्या की ओढल्या की कापड खालून वर गुंडाळत जाईल. पुढाऱ्यांनाही त्यांनी तसंच टांगलं होतं.

भाषणं झाली. साहेबांनी लोकसहभाग हा शब्द इतक्या वेळा वापरला की सहभागी झालेले लोक सावलीला सरकले. मग प्रमुख पाहुणे उठले. त्यांचं भाषण आधीच लिहून आलेलं होतं. त्यांनी पाठीमागे न बघता हात उंचावला आणि म्हटलं, “या ज्येष्ठ कलावंतानं भिंतीवर साकारलेल्या या रुबाबदार वाघाकडे पाहिलं की...”

शिट्टी वाजली. एकच, छोटी आणि कोरडी.

दोघा भावांनी वर पाहिलंसुद्धा नाही. वीस हंगामांची सवय, हात आपोआप चालले. बांबू सरसर वर चढला. आधी ‘सहर्ष स्वागत’ गेलं, मग जोडलेले हात, मग मिशा, आणि सगळ्यांत शेवटी पाहुण्यांचं कपाळ. मागे सकाळच्या लख्ख उन्हात जंगल उभं होतं.

आमच्या झाडीपट्टीच्या माणसाला पडदा वर गेल्यावर काय करायचं हे शिकवावं लागत नाही. सावलीत सरकलेले सगळे उठले, टाळ्या पडल्या, मागून शिट्ट्या आल्या, दोन बाया पोरांना घेऊन पुढे येऊन बसल्या. पाहुण्यांना वाटलं आपल्या वाक्याला दाद मिळाली. त्यांनी हात जोडले. मग सगळे आपल्या मागे बघताहेत हे पाहून तेही वळले आणि वाघ शोधायला लागले.

“खाली सोडा! खाली सोडा तो!” बाबूसाहेब ओरडले.

थोरला भाऊ दोरी धरून तसाच बसला होता. त्याला परिस्थिती समजली होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. तो म्हणाला, “दोन शिट्ट्या वाजल्याबिगर नाई सोडता येत जी.”

सगळ्यांची तोंडं बाबांकडे वळली. बाबांनी शिट्टी पुसली, बंडीच्या खिशात टाकली आणि उठले. ते हळूहळू चालत बाजूने गेले, स्टेजला वळसा घालून, भिंतीपाशी, आणि त्या पिवळ्या मातीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांनी ती जागा दुसऱ्यांसाठी सोडली होती. पण तिथे उभं राहून काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नट लोकांकडे तोंड करतो. बाबांनी आमच्याकडे पाठ केली आणि मान वर करून चित्र बघत राहिले.

वार्ताहर कॅमेरा घेऊन धावला. “बाबा, इकडे बघा, इकडे तोंड करा!”

“थांब ना भाऊ,” बाबा न वळता म्हणाले. “मी पाहून राह्यलो.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाने आपलं एकही चित्र दिवसाच्या उजेडात, पूर्ण, समोरून कधी पाहिलेलं नव्हतं. मी लहानपणापासून त्यांच्यासोबत होतो आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. शेजारी मुलगी उघडउघड रडत होती.

पाहुणे अनुभवी होते. लोक कुठे बघताहेत हे कळल्यावर ते खाली उतरले आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. मागोमाग साहेब, बाबूसाहेब, उरलेले मान्यवर. मधली जागा भरली. पेपरात तोच फोटो आला. त्यात सगळे हसताहेत, आणि एकट्या बाबांची पाठ आहे.

दुपारपर्यंत खुर्च्या उचलल्या गेल्या. पुढच्या दोन शिट्ट्या काही वाजल्या नाहीत, त्यामुळे फ्लेक्स गुंडाळलेलाच खाली उतरवला गेला. धाकट्या भावाने तो खांद्यावर घेतला आणि विचारलं, “भाऊ, हे कुठी ठेवू?”

बाबा अजून भिंतीपुढेच होते. आता ते रस्त्याच्या या बाजूला येऊन, बस स्टँडच्या बाकावर टेकले होते. त्यांनी त्या गुंडाळीकडे एकदा पाहिलं.

“ने तुह्या घरी,” ते म्हणाले. “तणसावर टाकाले कामी येते.”